पंचवीस चौकोनांचं स्कायरिम

गेमची परफॉर्मन्स गाइड्स ही एक प्रकारची समीक्षा असते असं म्हटलं तर समीक्षक आणि गेमर दोघंही हसतील. गाइड म्हणजे काय, तर अमुक फाइल उघडा, तमुक ओळ शोधा, पाचाच्या जागी सात लिहा, सेव्ह करा. यात समीक्षा कुठली आली? पण गेली काही वर्षं मी ही गाइड्स गेमपेक्षा जास्त आवडीने वाचतोय. आणि माझं मत असं झालंय की 'स्कायरिम'बद्दलचं सगळ्यात बारकाईचं लिखाण आणि सगळ्यात बेजबाबदार लिखाण, दोन्ही इथेच सापडतं. त्यातलं कुठलं कोणतं हे ओळखायला मात्र थोडी मेमरी समजून घ्यावी लागते. तर आधी तेच करू.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. स्कायरिम हा बेथेस्डा कंपनीचा रोल-प्लेइंग गेम. ११ नोव्हेंबर २०११ला आला. बर्फाळ डोंगर, ड्रॅगन, गुहा, गावं आणि वाटेल त्या दिशेला चालत सुटायची मुभा. थोड्याच महिन्यांत कंपनीने गेम बदलण्याचं अवजारही लोकांना फुकट दिलं, आणि लोकांनी तो बदलला. नवं गवत, नवे चेहरे, नवी हत्यारं, नवी गावं. या बदलांना मॉड म्हणतात. एकेकाच्या गेममध्ये शंभर-दोनशे मॉड असणं ही नेहमीची गोष्ट. आणि मग तो गेम चालता चालता अचानक बंद पडून समोर डेस्कटॉप दिसणं, हीसुद्धा.

का बंद पडायचा? मूळ स्कायरिम ३२-बिटी प्रोग्रॅम होता. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ वेगवेगळे पत्ते लिहिता येतात, म्हणजे ४ जीबी. त्यातही विंडोज अशा प्रोग्रॅमला मुळात निम्मेच देते, २ जीबी. बाकीचे स्वतःसाठी राखून ठेवते. समजा एखाद्या सोसायटीत हजार खोल्या बांधल्या, पण पोस्टाच्या फॉर्मवर खोली क्रमांकासाठी दोनच रकाने आहेत. मग नव्व्याण्णवच्या पुढच्या खोलीत कोणी राहत असलं तरी त्याला पत्र जाणार नाही. तुमच्याकडे १६ जीबी रॅम असली तरी स्कायरिमला तिचा पत्ताच लिहिता येत नव्हता.

यावरचा पहिला तोडगा एका बिटाचा होता. प्रोग्रॅमच्या सुरुवातीच्या माहितीत 'लार्ज अ‍ॅड्रेस अवेअर' नावाचा एक बिट असतो. तो १ केला की ६४-बिटी विंडोज त्या प्रोग्रॅमला पूर्ण ४ जीबी वापरू देते. खेळणाऱ्यांनी तो बिट स्वतःच बदलला. मग डिसेंबर २०११मध्ये कंपनीने अधिकृत अपडेटमधून तेच केलं. म्हणजे गेम बाजारात आल्यावर महिनाभरात वाचकांनी मजकुरातली एक चूक काढली आणि प्रकाशकाने ती पुढच्या आवृत्तीत दुरुस्त केली. मराठीत असं झालं असतं तर आपण त्यावर परिसंवाद घेतला असता.

पण ४ जीबी मिळूनही गेम बहुतेक वेळा तीनच्या जरा पुढे गेला की कोसळायचा. कारण मेमरी नुसती शिल्लक असून भागत नाही, सलग शिल्लक लागते. पंगतीत वीस पाट रिकामे आहेत, पण इथे एक, तिथे दोन असे विखुरलेले. दहा जणांचं कुटुंब आलं आणि आम्ही शेजारी-शेजारीच बसणार म्हणालं, तर यजमान हात जोडतो. स्कायरिम हात जोडत नसे. तो उठून निघून जायचा.

इथून पुढे गाइड्सचे दोन पंथ झाले. एका पंथाने मोजायला सुरुवात केली. दुसऱ्याने आकडे वाटायला.

दुसऱ्याचं आधी सांगतो, कारण तो पटकन संपतो. स्कायरिमच्या आयएनआय फाइलमध्ये 'आय-मॅक्स-अ‍ॅलोकेटेड-मेमरी-बाइट्स' अशी एक सेटिंग आहे. मूळ किंमत ७६,८००, म्हणजे ७५ केबी. नावात 'मॅक्स' आहे, 'मेमरी' आहे. बस. गाइडांमागून गाइडांनी सांगितलं की इथे दोन अब्जाच्या आसपासचा आकडा टाका, गेमला २ जीबी मिळेल. प्रत्यक्षात या सेटिंगचा गेमच्या एकूण मेमरीशी संबंध नाही. पपायरस नावाची जी स्क्रिप्टची भाषा गेम वापरतो, तिच्या कामापुरती जागा ती ठरवते. ७५ केबीची गरज असलेल्या कारकुनाला अख्खं गोदाम लिहून दिल्यासारखं हे. गोदाम मिळाल्यावर तो जास्त वेगाने काम करेल असं मानणाऱ्यांनी कारकून पाहिलेला नसावा.

दहावीला काही मुलं अपेक्षित प्रश्नसंचातली उत्तरं पाठ करतात आणि परीक्षेत प्रश्न वेगळा आला तरी तेच उत्तर लिहून येतात. ही गाइड्स तशीच. आकडा बरोबर आहे की चूक हा नंतरचा मुद्दा. तो कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे हेच त्यांना माहीत नसतं. आपल्याकडच्या पुस्तक-परीक्षणांत 'तरल', 'मनाचा ठाव घेणारी' असे शब्द ज्या कारणाने येतात, त्याच कारणाने हे आकडे येतात. आधीच्याने लिहिले होते म्हणून.

आता पहिला पंथ. शेसन या टोपणनावाच्या एका मॉडरने पाहिलं की स्कायरिम सुरू होताना स्वतःच्या कामासाठी २५६ एमबीचा एक ब्लॉक मागून घेतो. तो भरला की आणखी मागायला हवं. पण बऱ्याचदा त्या क्षणी गेम एकतर लोडिंग स्क्रीनवर कायमचा अडकतो, नाहीतर कोसळतो. उपाय इतकाच, की पहिलीच मागणी २५६ऐवजी ५१२ एमबीची करायची. ही दुरुस्ती पुढे एसकेएसई या सगळ्यांच्या वापरातल्या साधनात दोन ओळींच्या सेटिंगच्या रूपाने आली. एका ओळीत ७६८, दुसरीत २५६. पहिल्यातून दुसरा वजा केला की उरतात ते ५१२.

ही दुरुस्ती मला एखाद्या चांगल्या समीक्षालेखाइतकी आवडते. त्याआधी दोनेक वर्षं लोक याच क्रॅशसाठी टेक्स्चर, ग्राफिक कार्ड, विंडोज आणि एकमेकांच्या मॉडना शिव्या देत होते. चांगले मॉड केवळ वहिमावरून काढून टाकले जात होते. इथे कोणीतरी अडकण्याची नेमकी जागा दाखवली, त्या जागेचं माप दिलं आणि ब्लॉक किती भरतोय हे तुम्ही स्वतः तपासा म्हणून मोजायचं साधनही दिलं. मोजणाऱ्यांना दिसलं की दोषी समजले गेलेले बरेच मॉड त्या भानगडीत नव्हतेच. (अर्थात आकडे वाटणारा पंथ लगेच हजर झाला. ७६८ने चालतं तर २०४८ने किती धावेल! पण ती जागाही त्याच ४ जीबीतून जाणार. इथे जास्त घेतली की टेक्स्चरना कमी उरली.)

तिसरं नाव ईएनबीबूस्टचं. त्या काळच्या डायरेक्टएक्स ९ मध्ये ग्राफिक कार्डावर गेलेल्या टेक्स्चरची एक प्रत गेमच्या स्वतःच्या मेमरीतही राहायची. ईएनबीबूस्टने हा पसारा उचलून दुसऱ्या, वेगळ्या प्रोसेसमध्ये नेऊन ठेवला. घर लहान आहे, तर ट्रंका शेजारच्या खोलीत. मुंबईत वाढलेल्या कोणालाही हे अल्गोरिदम समजावून सांगावं लागणार नाही.

टेक्स्चरचा विषय निघालाच आहे तर एक हिशोब करू. पूर्ण एचडी स्क्रीनवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल असतात. ज्याला ४के टेक्स्चर म्हणतात त्यात ४०९६ गुणिले ४०९६, म्हणजे १,६७,७७,२१६. तुमच्या अख्ख्या स्क्रीनच्या आठपट. आता असं टेक्स्चर ड्रॅगनला असेल तर समजू शकतो. तो तोंडासमोर येतो, स्क्रीन भरतो. पण ते बादलीला आहे, चमच्याला आहे, टेबलावरच्या चीजच्या गोलाला आहे. चमचा स्क्रीनवर जास्तीत जास्त दोनशे पिक्सेल रुंद दिसणार आणि त्याच्या कातडीसाठी तुम्ही आठ स्क्रीन भरतील एवढे पिक्सेल बाळगून फिरताय. कॉम्प्रेस न करता ते ६४ एमबी होतात. डीएक्सटी५ पद्धतीने कॉम्प्रेस केले तरी १६. पूर्ण ४ जीबी मोकळे मिळाले असते तरी १६ एमबीवाल्या अशा किती वस्तू मावल्या असत्या? २५६. स्कायरिमच्या एका श्रीमंत घरात साधारण तेवढ्याच वस्तू असाव्यात, आणि अजून माणसं यायचीत.

इथे परफॉर्मन्सचा प्रश्न सरळसरळ अभिरुचीचा होतो. प्रत्येक वस्तूवर सारखाच तपशील ओतणारा लेखक आपण वाचलेला असतो. नायिकेचं दुःख अर्धं पान आणि खिडकीच्या कडीचं वर्णनही अर्धं पान. अशा लेखकाकडे भाषा असते, नजर नसते. नेक्ससवरच्या पुष्कळशा टेक्स्चर पॅकबद्दल माझं हेच म्हणणं आहे, आणि मेमरीची मर्यादा नसती तरी हेच असतं. ३२-बिटी काळातल्या चांगल्या गाइड्स सांगायच्या की डोंगर आणि रस्ते २के, भांडीकुंडी ५१२, आकाशाला हात लावू नका. कारण देऊन सांगायच्या. ते संपादन होतं.

या सगळ्यातली मला सर्वांत रोचक वाटणारी सेटिंग म्हणजे 'यू-ग्रिड्स-टू-लोड'.

स्कायरिमची जमीन चौकोनांत कापलेली आहे. एकेक चौकोन साधारण ५८ मीटरचा. तुम्ही ज्या चौकोनात उभे आहात तो मध्ये धरून ५ गुणिले ५, म्हणजे २५ चौकोन गेम पूर्ण जिवंत ठेवतो. त्यांत माणसं चालतात, कोंबड्या फिरतात, लांडगे हल्ला करतात. त्यापलीकडचे डोंगर आणि बुरुज दिसतात ते कमी तपशिलाचे सांगाडे, पडद्यावर रंगवल्यासारखे. म्हणजे तुमच्या भोवती, प्रत्येक बाजूला दीडशे मीटरच्या आसपास जग आहे. पुढे चाललात की पुढची रांग जागी होते आणि मागची विझते.

लोकांना हे पाच टोचायचं. लांबचं झाड जवळ आल्यावर टचकन बदलतं, ते डोळ्याला खुपतं. मग गाइड्सनी सांगितलं, सात करा. सात म्हणजे ४९ चौकोन. नऊ म्हणजे ८१, अकरा म्हणजे १२१. पाचाचे अकरा केले तर लांबी दुपटीने वाढल्यासारखी वाटते, पण जिवंत ठेवायचं जग जवळजवळ पाचपट होतं. मेमरीचं काय होत असेल ते सांगायला नको. शिवाय एकदा वाढवलेली ग्रिड सेव्हमध्ये मुरते. नंतर आकडा गुपचूप कमी केला तर ती सेव्ह उघडताना गेम कोसळतो. तो उतरवायला वेगळी कसरत करावी लागते.

पण मला मेमरीइतकीच नाटकाची काळजी आहे. मोठ्या ग्रिडवर खेळताना गेममधले प्रसंग तुम्ही पोचायच्या आधीच सुरू होतात. स्कायरिमचा रस्ता असा रचलेला आहे की वळण घेतलं की समोर डाकूंशी झुंजणारा प्रवासी दिसावा. ग्रिड नऊ केली की तो प्रवासी तुम्ही टेकडीच्या पलीकडे असतानाच झुंजायला लागतो, आणि तुम्ही पोचता तेव्हा रस्त्यावर दोन प्रेतं आणि एक बेवारस टोपली. ड्रॅगन कोणाशी तरी लढून मरून पडलेला. जग जास्त 'खरं' झालं असं कोणी म्हणेल. खऱ्या जगात आपण बहुतेक गोष्टींना उशिराच पोचतो. मला ते पटत नाही. कोकणातल्या दशावतारात एका बाकड्यावर राजवाडा, अरण्य आणि कैलास उभा राहतो. कोणी म्हणालं की मागे खरा राजवाडा बांधू, तर राजाचं पात्र त्यात हरवून जाईल. २५ चौकोन हे स्कायरिमचं बाकडं आहे. ५१२ एमबी मेमरीच्या एक्सबॉक्स ३६०वर हाच गेम चालवायचा होता, हे त्यामागचं एक कारण असणार. पण त्या अडचणीत बसून कोणीतरी प्रसंगांचं अंतर, वळणांची जागा आणि दिसण्याची वेळ बांधून घेतली, आणि ती बांधणी आता गेमचा भाग आहे. सेटिंग बदलणारा दृश्य वाढवतोय असं त्याला वाटतं. तो खरं तर प्रसंगाची वेळ बदलत असतो. चांगल्या गाइड्स या सेटिंगपाशी थांबून 'करू नका' म्हणायच्या आणि लांबचे सांगाडे सुबक करणारा मॉड सुचवायच्या. पडदा नीट रंगवा, रंगमंच वाढवू नका. यापेक्षा नेमकं वाक्य मी स्कायरिमवरच्या कुठल्याही परीक्षणात वाचलेलं नाही, भले तिथे ते इतक्या शब्दांत लिहिलेलं नसेल.

आता उलट्या दिशेच्या मॉडबद्दल. याबद्दल फार कोणी लिहीत नाही, कारण स्क्रीनशॉट चांगले येत नाहीत. इंजिनिअरिंगला असताना माझा लॅपटॉप ४ जीबी रॅमचा होता, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. २०१६च्या ऑक्टोबरात स्कायरिमची ६४-बिटी स्पेशल एडिशन आली तेव्हा तिची किमान अट ८ जीबी होती. म्हणजे होस्टेलमधल्या आमच्यासारख्यांसाठी ती आलीच नाही. आम्ही जुन्यावरच राहिलो, आणि आमच्यासाठी मॉडची एक वेगळी जात होती. गेम कुरूप करणारे मॉड. टेक्स्चर निम्म्यावर आणणारे, धुकं काढणारे, पाण्याचे तुषार पुसणारे. आयएनआयमध्ये 'आय-मिन-ग्रास-साइझ' २०चा ८० करायचा. नाव 'साइझ' असलं तरी प्रत्यक्षात गवताच्या जुड्यांतलं अंतर वाढतं. माळ विरळ होतो आणि फ्रेमरेट जागा होतो.

असं सोलून काढलेलं स्कायरिम खेळल्यावर काय उरतं ते कळतं. सावल्या नाहीत, गवत नाही, तरी व्हाइटरनच्या मैदानातून त्या टेकडीवरच्या महालाकडे जाताना पाय आपोआप तिकडे वळतात. कारण मैदान, रस्ता आणि टेकडी यांची मांडणीच तशी आहे. ती टेक्स्चरमध्ये नव्हती. थडग्यांच्या गुहांचं मात्र पार वाटोळं होतं. तिथली भीती सगळी उजेड-अंधारावर उभी होती, आणि सपाट उजेडात ती गुहा म्हणजे आमच्या कॉलेजचं पार्किंग. बाहेरची जमीन रचनेवर उभी आहे आणि आतल्या गुहा प्रकाशयोजनेवर, हा निष्कर्ष महागड्या मशिनवर निघाला नसता. तो कमी मेमरीने काढून दिला. म्हणून गरिबी चांगली असं मी म्हणत नाहीये. १८ फ्रेमवर ड्रॅगनशी लढणं हा छळ असतो.

स्पेशल एडिशनने पत्त्यांची टंचाई संपवली. पुढे तर एका क्लिकवर हजाराहून जास्त मॉडच्या तयार याद्या उतरवायची सोय झाली. त्यातल्या काही याद्या मी आता चांगल्या मशिनवर चालवून पाहिल्या. चालतात, आणि हे साधं कौतुक नाही. पण बऱ्याच याद्यांमध्ये कोणी काही नाकारलंय असं वाटत नाही. चमच्याला ४के आहे, आणि आता ते परवडतंही. चार तासांनी मला आठवत होतं ते फक्त व्हीरॅमचा आकडा. अपवाद आहेत. शंभरएक मॉडच्या काही छोट्या याद्या अशा असतात की त्यांच्या मागच्या माणसाला गेममध्ये थंडी हवी होती हे दहा मिनिटांत कळतं.

आणि मर्यादा गेली असंही नाही, ती सरकली. ६४-बिटी आवृत्तीतही एका गेममध्ये पूर्ण आकाराचे प्लगइन २५५च बसत होते. प्रत्येक वस्तूच्या ओळखक्रमांकात प्लगइनसाठी दोनच अंक आहेत, आणि सोळाच्या मोजणीत दोन अंकांत २५६ आकडे बसतात. त्यातला शेवटचा गेमने स्वतःसाठी ठेवलेला. २०१७मध्ये छोट्या प्लगइनचा नवा प्रकार आला. ते सगळे मिळून एकाच क्रमांकाखाली राहतात, ४,०९६पर्यंत. झालं, याद्या फुगल्या. आणि मग एक विचित्र गोष्ट घडू लागली. मोठ्या यादीवर खेळणाऱ्यांना जुनी सेव्ह उघडताना गेम सांगायचा, सेव्ह खराब झाली आहे. शेकडो तासांच्या सेव्ह. काहींना अनुभवाने एक तोडगा सापडला. आधी नवा गेम सुरू करायचा, आत एका खोलीत उभं राहायचं आणि तिथून जुनी सेव्ह लोड करायची. उघडायची. का उघडते ते कोणाला सांगता येत नव्हतं, त्यामुळे तो आकडे वाटणाऱ्या पंथाचा आणखी एक मंत्र वाटायचा.

कारण शेवटी एसएसई इंजिन फिक्सेस या मॉडमध्ये सापडतं. गेम एका वेळी ५१२ फाइल उघड्या ठेवू शकतो, आणि हा आकडा मेमरीचा नव्हे, प्रोग्रॅमच्या खाली असलेल्या लायब्ररीचा मूळ ठरलेला आकडा आहे. मोठी यादी या हद्दीला भिडली की सेव्हची फाइल उघडता येत नाही, आणि उघडता येत नाही याचा अर्थ गेम 'खराब' असा लावतो. मॉड तो आकडा वाढवतो आणि त्याच सेव्ह उघडतात. ज्यांनी तो संदेश खरा मानून आपल्या सेव्ह पुसून टाकल्या, त्यांच्या फाइल्स शाबूत होत्या.